बॉलला पाय लागला

आमच्या घरात गोल्फ शिरला तो शाळेमुळे. मुलीच्या शाळेनं सातवीच्या पोरांना एका सकाळी क्लबवर नेलं. 'नवोदित खेळाडूंना प्रोत्साहन' असा काहीतरी कार्यक्रम होता. पोरांच्या हातात काठ्या दिल्या, चार बॉल मारायला लावले, समोसे खायला घातले आणि परत पाठवलं. बाकीची पोरं समोशासकट सगळं विसरली. आमची विसरली नाही. तिथल्या कोचनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुझा हात चांगला आहे, उन्हाळी शिबिराला ये. झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

मी नागपूरला सदरमध्ये एका सरकारी ऑफिसात कारकून आहे. नवरा एका खाजगी कंपनीत नोकरीला, मूळचा खाप्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. बेसा रोडला आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. नवऱ्यानं आधी हसण्यावारी नेलं. त्याच्या गावी एवढ्या जागेत अख्ख्या गावाच्या बकऱ्या चरतात आणि इथं साहेब लोक एक बॉल हुडकत फिरतात, असं म्हणाला. मग मी क्लबवर जाऊन चौकशी करून आले आणि त्याचं हसू मावळलं.

ज्युनियर मेंबरशिप म्हणजे पोरांची मेंबरशिप, म्हणून माझी समजूत होती की पोरांच्या खिशाला परवडेल अशी असेल. कसलं काय. मेंबरच्या मुलांना एक दर, बाहेरच्यांना दुसरा. आधी एकरकमी भरायचे, मग दरवर्षीचे, वर कोचचे वेगळे. त्या एकरकमी पैशात आम्हाला नवी स्कूटर आली असती, आणि आमची जुनी तर पुलाच्या चढावर रडायची. मी काउंटरवरच्या माणसाला विचारलं, अहो, मग ते प्रोत्साहन कुठं गेलं? तो बिचारा पगारी माणूस. मॅडम, ते शाळेसाठी होतं, म्हणाला. माझं डोकं असं तापलं की काही विचारू नका. पोराला जिलबीचा वास द्यायचा आणि मग दुकानाचं शटर ओढायचं, याला प्रोत्साहन म्हणतात होय? मी हे त्याला मोठ्यानं बोलून दाखवलं. रांगेतले दोघं-तिघं हसले, पण त्यानं दर काही कमी झाला नाही.

एक वाट मात्र होती. उन्हाळी शिबिराची फी आवाक्यातली होती, आणि शिबिराच्या शेवटी दोन दिवसांची स्पर्धा व्हायची. त्यात जी बाहेरची मुलगी सगळ्यात कमी फटक्यांत खेळेल तिला वर्षभराची मेंबरशिप फुकट. मुलींसाठी जागा एकच. नवऱ्यानं पोरीला समोर बसवून सांगितलं, "जागा भेटली त खेळ. नाही भेटली त हे बंद अन् ट्यूशन चालू. मंग रडायचं नाही." तिनं मान हलवली. तेरा वर्षांची पोर, ती आणखी काय करणार?

आता मला काही गोल्फ खेळता येत नाही. काठी कशी धरायची हे मी तिला सांगू शकत नव्हते. पण नियम पाठ करणं हा तर माझा रोजचा धंदा, सरकारी नोकरीत दुसरं असतं काय? कोचनं मुलांना वाटलेली नियमांची पुस्तिका मी डब्याच्या सुट्टीत वाचून काढली. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, काय वं, साहेबीण होऊन राहिली का? मी म्हणायचे, हो, मग तुम्हालाच बॉल हुडकायला ठेवीन. रात्री पोळ्या लाटता लाटता मी पोरीला प्रश्न विचारायचे. बॉल पाण्यात गेला तर काय, हरवला तर काय. ती धडाधड उत्तरं द्यायची. तिला एक गोष्ट फार आवडली होती की या खेळात अंपायर मागे मागे फिरत नाही. आपली चूक आपणच सांगायची आणि आपला फटका आपणच वाढवून घ्यायचा. मलाही आवडली होती. पोळपाटापाशी उभं राहून आवडायला काय जातं!

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात पायाचा फार कडक कारभार आहे. पुस्तकाला, ताटाला, माणसाला, ज्याच्यावर पोट चालतं त्या कुठल्याही वस्तूला पाय लागता कामा नये. चुकून लागला तर तिथल्या तिथे हात लावून पाया पडायचं. हे मी पोरीच्या अंगात इतकं मुरवलं होतं की बसमध्ये अनोळखी बाईच्या पिशवीला पाय लागला तरी ती वाकायची. क्लबनं शिबिरापुरती दिलेली काठ्यांची बॅग घरी आली, तेव्हा मी तिला हळदकुंकू लावलं आणि पोरीला बजावलं, हे पण सरस्वतीचंच रूप आहे, पाय लागू देऊ नको.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी आमची पोर आणि आणखी एक मुलगी बरोबरीत राहिल्या. बाकीच्या बऱ्याच मागे पडल्या. त्या दुसऱ्या मुलीच्या आईचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. शिबिरात आमची ओळख झाली होती. दोघींच्याही पर्समध्ये ऊन लागू नये म्हणून कांदा, दोघींच्याही डोक्यावर ओला दुपट्टा. बाकीचे आईबाप गाडीत एसी लावून बसायचे. आम्हा दोघींकडे गाडी नव्हती, म्हणून झाडाखाली आमचं जमलं. बाई मोठी गोड. आपल्या पोरीलाही हीच जागा हवी आहे हे तिलाही ठाऊक आणि मलाही ठाऊक, पण त्याबद्दल आम्ही चुकूनही बोलत नव्हतो. ताक मात्र एकाच बाटलीतून पीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच खेळ सुरू झाला. तरी मे महिना नागपूरचा, आठ वाजताच डोळ्यांपुढे पिवळं दिसायला लागलं. आईबापांनी बाजूच्या पायवाटेनंच चालायचं, मुलांशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद होती. केल्या तर मुलाला दोन फटके दंड. मी तोंडात दुपट्ट्याचं टोक धरून चालत होते. खरंच सांगते, माझ्या जिभेचा मला भरवसा नव्हता. पोर चुकतच नव्हती. शेवटचे दोन होल राहिले तेव्हा ती दोन फटक्यांनी पुढे होती. अजून एवढंच सांभाळ गं माय, असं मी मनात घोकत होते.

शेवटून दुसऱ्या होलवर तिचा बॉल उजवीकडे गेला आणि एका बाभळीखाली वाळलेल्या गवतात जाऊन थांबला, आमच्या पायवाटेपासून अगदी जवळ. दुसरी मुलगी पार पलीकडच्या कडेला होती, आणि कोच पुढे ग्रीनवर, म्हणजे झेंड्याभोवतीच्या हिरवळीवर. आमच्या पोरीला बॉल लगेच दिसला. बॅग खाली ठेवून ती बॉलपाशी उभी राहिली आणि झेंडा कुठे आहे ते पाहायला मान उंच करून एक पाऊल मागे सरकली. तिच्या बुटाची कड बॉलला लागली. नुसती लागली, बॉल हललासुद्धा नाही. तिनं खाली पाहिलं, पटकन वाकली, दोन बोटं बॉलला लावली, छातीशी नेली. मग काठी काढली आणि इतका सुंदर फटका मारला की बॉल सरळ ग्रीनवर गेला.

माझ्या शेजारी त्या दुसऱ्या मुलीची आई उभी होती, मी त्यांना ताई म्हणायचे; त्यांनी माझा खांदा दाबला. त्यांचा चेहरा फुलला होता. "पाहिलं का ताई? एवढ्या टेन्शनमध्ये पण बॉलच्या पाया पडली. संस्कार म्हणतात ते हेच," असं त्या मला म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पुस्तिकेतलं ते पान माझ्या डोळ्यांपुढे होतं. बुटाची कड चुकून लागली, बॉल हलला नाही, त्याचा दंड नाही. पण थांबलेल्या बॉलला मुद्दाम हात लावला तर एक फटका दंड. बॉल हलो न हलो, हेतू कोणता का असेना. नमस्कारासाठी लावला तर चालेल, असं काही त्यात लिहिलेलं नव्हतं. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तरी कुठून येणार ते!

पोरीच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. आपण काही केलं हेच तिला कळलेलं नव्हतं. खोकला आला की माणूस तोंडावर हात धरतो, तसं तिनं ते केलं होतं. आणि मला बोलायची बंदी.

तो होल दोघींनी सारख्याच फटक्यांत संपवला, पण शेवटच्या होलवर दुसरी मुलगी आमच्या पोरीपेक्षा एका फटक्यानं सरस खेळली. म्हणजे एकूण हिशेबात आमची एका फटक्यानं पुढे. तो दंड धरला तर बरोबरी. आणि बरोबरी झाली तर शेवटच्या होलवर जिचे फटके कमी तिला जागा, असं आधीच सगळ्यांसमोर सांगितलेलं होतं. मी उन्हात उभी राहून हे पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. कसंही मांडलं तरी तो एक फटका म्हणजेच मेंबरशिप. आणि तो फटका जगात फक्त मला माहीत होता.

मुलांनी एकमेकांची कार्डं तपासली, सह्या केल्या, टेबलावर दिली. पोर धावत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. घामानं निथळत होती. जिंकल्याचं अजून कुणी म्हटलं नव्हतं, पण हिशेब तिलाही येत होता. निकाल नाश्त्यानंतर, असं कोचनं सांगितलं. तर्री-पोह्यांचा मोठा गंज मांडवात आणून ठेवला होता, सगळे तिकडे वळले. मला माहीत होतं की कार्ड दिलं तरी निकाल जाहीर होईपर्यंत चूक सांगता येते. खेळाडूला दंडाची कल्पना नव्हती म्हटल्यावर तिला बादही करत नाहीत, नुसता फटका वाढवतात. आणि निकाल एकदा जाहीर झाला की विषय संपला, मग कुणी काही करू शकत नाही. म्हणजे पोहे संपेपर्यंत मला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसण्यानं माझं भलं होणार होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. पोरीनं माझ्या हातातून ओढून घेतला आणि म्हणाली, बाबा, मी पुढे आहे, एका फटक्यानं. तिकडून तो काहीतरी बोलला आणि पोर हसत हसत रडायला लागली. फोन मी घेतला तर तोही रडत होता. मला म्हणाला, संत्रा बर्फी घेऊन येऊन राहिलो, बंद-बिंद काही नाही करत आता. या माणसाला मी लग्नातसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

मी पोह्यांची बशी घेऊन बसले. गप्प बस, मी स्वतःला दटावलं. तिनं काय चोरी केली? फायदा तरी काय झाला तिला? देवाला हात जोडल्यासारखं पोरीनं केलं आणि त्याची शिक्षा म्हणून वर्षभर क्लबचं गेट बंद? कुठला न्याय हा? ज्यांच्या गाड्या बाहेर उभ्या आहेत त्यांची पोरं एक फटका काय, दहा फटके हरली तरी उद्या सकाळी इथंच खेळणार आहेत. आमच्याच पोरींना एका फटक्यावर तोलायचं! मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. क्लबचा, नियमांचा, स्वतःच्या त्या पाया पडण्याच्या शिकवणीचासुद्धा. नसती शिकवली तर काय बिघडलं असतं?

पण समोर त्या ताई बसल्या होत्या. त्यांची पोर बशीला हात न लावता खाली बघत होती, आणि ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. हिला जागा द्यायला लागणारा फटका माझ्या पोटात होता आणि मी वर शेव भुरभुरून पोहे खात होते.

मी तेव्हाही उठले नसते. खोटं कशाला बोलू? मी उठले ती भीतीनं. कोच आमच्या टेबलापाशी आले आणि ताईंनी कौतुकानं त्यांना सांगायला सुरुवात केली, की सर, यांची मुलगी किती गुणी आहे माहीत आहे का, तिकडे बाभळीखाली काय झालं... तेवढ्यात माइक लागत नाही म्हणून कुणीतरी कोचना हाक मारली, आणि ते आलो आलो म्हणत गेले. ताई म्हणाल्या, आले की सांगते. या भोळ्या बाईच्या तोंडून ते कोचच्या कानावर गेलं तर? मग माझ्या पोरीला कोण काय म्हणेल? लपवलं म्हणतील. पोरीला लबाड म्हटलेलं मला ऐकवलं नसतं.

मी पोरीला मांडवाच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि विचारलं, "बाभळीखाली तुझा बॉलला पाय लागला होता?"

"हो, लागला. हलला नाही पण," ती म्हणाली.

"मंग तू काय केलं?"

"काय केलं म्हणजे? मी पाया पड..." आणि ती थांबली. पोळपाटापाशी धडाधड उत्तरं देणारी पोर. तिला दुसरा शब्द सांगावा लागला नाही. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. तिनं आपली ती दोन बोटं दुसऱ्या हातात धरली. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी म्हणेन याची ती वाट बघत होती. जाऊ दे म्हणेन, नाहीतर जा म्हणेन. मी काहीच म्हटलं नाही. तिकडे माइक सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती वळून टेबलाकडे चालू लागली.

मी टाकीपाशीच उभी राहिले. ती टेबलापाशी गेली, कोच खाली वाकले, तिनं काहीतरी सांगितलं आणि बोटं खाली नेऊन छातीशी लावून दाखवली. कोचनी डोळे मिटले. टेबलावरच्या दुसऱ्या माणसानं कार्ड काढलं. ते सगळं फार लवकर झालं.

निकालाच्या वेळी समितीचे एक मोठे गृहस्थ बोलले. अशा प्रामाणिक मुलांना आमचा क्लब नेहमीच प्रोत्साहन देतो, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. पोरीला स्टेजवर बोलावून क्लबचं चिन्ह छापलेली पाण्याची बाटली दिली. जागा अर्थातच दुसऱ्या मुलीला गेली. मी टाळ्या त्या मुलीसाठी वाजवल्या, त्या बाटलीसाठी नाही.

ताई रडत माझ्यापाशी आल्या. त्यांना आत्ताच कुणीतरी नियम समजावून सांगितला होता. त्या म्हणाल्या, ताई, मी तर चांगलं म्हणून बोलली होती. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं की तुमच्या पोरीनं शेवटचा होल फार छान खेळला, तिची जागा तिनं मिळवली आहे. हे खरंच होतं.

नवरा गेटपाशी बर्फीचा डबा घेऊन उभा होता. आमची तोंडं बघून त्याला कळलं. सगळं ऐकल्यावर तो माझ्याकडे वळला. "तुले काय गरज होती वं सांगायची? कोणाले माहीत होतं?" असं त्यानं विचारलं. मी काही बोलायच्या आत पोर मध्ये पडली.

"तिले माहीत होतं न, बाबा. सांगायलाच पाहिजे होतं." तिचा आवाज अगदी शांत होता. मला इतकं बरं वाटलं की मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती बाजूला सरकली.

"पण आई, तुले माहीत होतं त तूच जाऊन सांगायचं न टेबलावर. मले काहून पाठवलं?"

मी पाठवलं नव्हतं. मी एक शब्दही बोलले नव्हते. हेच म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बंद केलं, कारण मी बोलले नाही हीच तर तिची तक्रार होती. नवरा डब्याची दोरी उगाचच सोडत-बांधत होता. ऊन डोक्यावर आलं होतं. पोरीनं बॅग खाली ठेवली, ती क्लबला परत करायची होती. पट्टा नीट गुंडाळून आत घातला, चेन लावली.

"पुढच्या वर्षी मी परत खेळीन," ती म्हणाली. तिनं आमची परवानगी विचारली नाही. बंद करायची अट ज्यानं घातली होती त्यानं डब्याची दोरी घट्ट बांधून टाकली. "पण तू नको येऊ पाहायले."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणेन, चिडेन, निदान रडेन असं त्याला वाटलं असेल.

नाही येणार, मी म्हणाले.